मलमलीच्या रुमालावर कोपऱ्यात नाव: चुण्या, भोकं आणि डुलणारी शिरोरेखा

पिकोवाली, सांगली

नमस्कार. संक्रांतीच्या वाणासाठी साठ रुमाल करायचे आहेत. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

कापड पांढरी मलमल, तयार रुमाल ३० बाय ३० सेंमी, कडेला ५ मिमीची दुमड. कोपऱ्यात तिरपं नाव, अक्षराची उंची १२ मिमी, वर तीन पानांची लहान वेल. मशीन भरतकामाचं, घरगुती, एका सुईचं, रिंग १०० बाय १०० मिमी. दोरा ४० नंबरचा पॉलिस्टर, सुई ७५/११, कापडाला आधार म्हणून खाली फाडायच्या पेपरचे दोन थर, वेग मिनिटाला ६५० टाके. डेन्सिटी (टाक्यांची दाटी) सॉफ्टवेअरने दिली तीच ठेवली आहे, ०.४० मिमी.

अडचणी अशा: अक्षरांभोवती कापड आखडून चुण्या पडतात. शिरोरेखेच्या वरच्या काठाला बारीक भोकांची ओळ दिसते. पेपर फाडताना टाकेही ओढले जातात. मागची बाजू दाखवण्यासारखी नाही, आणि रुमाल दोन्ही बाजूंनी दिसणारच. शिवाय सुरुवातीलाच कापड सुईपट्टीच्या भोकात खेचलं जातं, त्यात दोन रुमाल गेले.

उभाआडवा, विटा

पेपर कमी पडतोय असं दिसतंय. फाडायच्या पेपरऐवजी कापून काढायचा जाड पेपर लावून पाहा. त्यावर कापड हलत नाही.

सुईपंचाहत्तर, सातारा

उभाआडवा, टी-शर्टला ते बरोबर आहे, मलमलीला नाही. कापून काढायचा पेपर अक्षरांमागे कायमचा राहतो. मलमल उजेडासमोर धरली की त्याचा कापलेला काठ नावाभोवती सावलीसारखा दिसतो आणि रुमालाचा कोपरा पुठ्ठ्यासारखा कडक होतो. तो चेहऱ्याला लावायचा असतो, हे धरूनच सगळं ठरवायला हवं.

पिकोवालीताई, मुळात टाके जास्त आहेत. पेपर वाढवून ते झाकलं जाणार नाही. हिशेब करून पाहा. सॅटिनमध्ये, म्हणजे पट्टी भरणाऱ्या जवळजवळच्या आडव्या टाक्यांत, ०.४० म्हणजे एकाच बाजूच्या लगतच्या दोन टाक्यांतलं अंतर. १ सेंमी लांबीच्या पट्टीत २५ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला दोन टोचे, म्हणजे ५० भोकं. ०.५५ ठेवलं तर १८ फेऱ्या, ३६ भोकं. त्यात ७५ नंबरची सुई म्हणजे ०.७५ मिमी जाडीची. अरुंद शिरोरेखेत एका काठावर ०.४० मिमीला एक अशी ०.७५ मिमीची भोकं पाडली तर ती एकमेकांत मिसळणारच. भोकांची ओळ दिसते ती यामुळेच. पोस्टाच्या तिकिटाची कड असते तसं कापड तिथे तुटायला आलेलं असतं.

त्यामुळे आधी हे बदला:

दोरा ६० नंबरचा घ्या. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो. सुई ६५/९. क्रम मात्र पाळा, आधी दोरा बारीक आणि मग सुई. ४० नंबरचा दोरा ६५ च्या नेढ्यातून घासत जातो, त्याचे तंतू सुटतात आणि दर मिनिटाला तुटतो. ४० च वापरायचा असेल तर ७० च्या खाली जाऊ नका. टोक अणकुचीदार हवं. निटवेअरची गोल टोकाची सुई मलमलीचे धागे बाजूला ढकलते, त्यामुळे अक्षराची कड दातेरी येते.

डेन्सिटी ६० नंबरला ०.४५ ते ०.५०. बारीक दोऱ्याला अंतर कमी करून ०.३० ठेवायची सवय असते, ती जाड कापडासाठी. इथे थोडं कापड टाक्यांतून दिसलेलं चालतं, उलट छान दिसतं.

खालचे टाके (अंडरले) मधोमध एकच धाव, म्हणजे साध्या सरळ टाक्यांची ओळ. काठाची धाव आणि झिगझॅग दोन्ही बंद करा.

वेग ४००.

माजघर, कराड

पाण्यात विरघळणारा पेपर हाच या कामाचा पेपर. तो दोन प्रकारचा येतो. एक प्लॅस्टिकसारखा पारदर्शक, दुसरा कापडासारखा पांढरा, मऊ. पातळ प्लॅस्टिकसारखा टॉवेलवर वरून टाकायला ठीक; खाली ताणून लावला तर टाक्यांच्या ओळीवर फाटतो आणि नाव अर्ध्यात सरकतं. रुमालाला कापडासारखाच घ्या, एक थर. घेताना थंड पाण्यात विरघळतो ना हे विचारून घ्या, कारण फक्त गरम पाण्यात जाणाराही मिळतो.

तुकडे टाकू नका. उरलेले तुकडे वाटीभर कोमट पाण्यात विरघळवा, पातळ पेजेइतकं होऊ द्या. ब्रशने रुमालाच्या कोपऱ्यावर, साधारण १० बाय १० सेंमी भागात लावा, सपाट वाळवा, मंद इस्त्री फिरवा. मलमल कागदासारखी कडक होते. मग चुण्यांचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो, आणि धुतल्यावर सगळं निघून जातं. साबुदाण्याच्या खळीनेही कडकपणा येतो, पण ती गाळून घ्या. कण राहिला तर सुई तिथेच अडखळते.

उभाआडवा, विटा

कट पेपरबद्दल सुईपंचाहत्तर म्हणतात ते पटलं. कापडाबद्दल मात्र सांगतो, कारण याकडे कुणी बघत नाही.

मलमल न धुता भरली तर पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं आणि पॉलिस्टर दोरा तेवढाच राहतो. मशीनवरून उतरताना सपाट दिसलेलं नाव तेव्हा फुगतं. वाण घेऊन गेलेल्या बाईच्या घरी हे घडतं, आपल्याला कळतही नाही. तयार रुमाल असले तरी आधी एकदा पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा.

पुढच्या वेळी तयार रुमालाऐवजी थान घ्या. इचलकरंजीचा माल सांगलीच्या कापड पेठेत सहज मिळतो. मलमलीपेक्षा ६० बाय ६० सुताचं कॅम्ब्रिक मागा. पातळ आहे पण विणीत दाट, टाके धरून ठेवतं. रुमाल म्हणून घाम टिपायलाही उत्तम. टेरीकॉट घेऊ नका, तो पाणी फारसं पीत नाही.

हिशेब: ४४ इंच म्हणजे ११२ सेंमी पन्हा. ३० सेंमीच्या रुमालाला दुमडीसह ३२ सेंमीचा चौकोन लागतो. पन्ह्यात तीन, लांबीत तीन, म्हणून ९६ सेंमी लांबीत नऊ रुमाल. १ मीटर बरोबर पुरेल असं वाटतं, पण ४ टक्के आटलं की ९६ च उरतात आणि कापायला जागा राहत नाही. १.१० मीटर घ्या. चौकोन पेन्सिलीने आखू नका. एक आडवा आणि एक उभा धागा ओढून काढा, रिकामी राहिलेली रेघ हीच कापायची खूण. अखंड थानावर आधी भरून, मग कापून कडेला पिको केला तर रिंगमध्ये चारी बाजूंनी कापड धरता येतं.

पिकोवाली, सांगली

सगळ्यांचे आभार. या वेळचे साठ रुमाल तयारच आणलेत, त्यामुळे कोपरा रिंगमध्ये कसा बसवू? रिंगच्या दोनच बाजूंना कापड पोहोचतं. नाव तिरपं येण्यासाठी रुमाल ४५ अंशांत फिरवून लावते, तेव्हा कापड ओढलं जाऊन चौकोनाचा पतंग होतो.

सुईपंचाहत्तर, सातारा

रुमाल फिरवू नका, डिझाइन फिरवा. कापड सर्वांत जास्त ताणतं ते कर्णावर, म्हणजे ४५ अंशांत. तसं रिंगमध्ये आवळलं की ते वाढतं, टाके त्या वाढलेल्या अवस्थेत बसतात आणि रिंग सोडल्यावर कापड मूळ जागी येतं. चुणी म्हणतात ती हीच.

मुळात रुमाल रिंगमध्ये आवळायचाच नाही. रिंगचा वळ मलमलीवर उठतो आणि रंगीत कापडावर तो लवकर जातही नाही. फक्त विरघळणारा पेपर रिंगमध्ये ढोलकीसारखा ताणा आणि रुमाल त्यावर ठेवा. क्रम असा:

१. नावाचा मध्य दोन्ही कडांपासून ३५ मिमी धरा. कर्णावर कोपऱ्यापासून हे ४९.५ मिमी होतं. हा मध्य म्हणजेच रिंगचा मध्य.

२. डिझाइनचा पहिला रंग म्हणून मध्यापासून ३५ मिमीवर उजवीकडची आणि खालची अशी दोन रेघांची काटकोनी खूण द्या. ती नुसत्या पेपरवर शिवली जाते.

३. त्या खुणेला रुमालाच्या दोन कडा टेकवा. पेपरवर मधल्या भागात ओलसर स्पंज एकदाच फिरवा. तो चिकट होतो आणि रुमाल धरतो. पाणी जास्त झालं तर पेपर गळून भोक पडतं. स्प्रेचा गोंद टाळा; सुईवर साचतो आणि दोरा अडकवतो.

४. दुसरा रंग म्हणजे ६४ बाय ६४ मिमीचा चौकोनी कच्चा टाका, टाक्याची लांबी ५ मिमी. मध्यापासून ३२ मिमी म्हणजे कडेच्या ३ मिमी आत. तुमची दुमड ५ मिमीची आहे, म्हणून बाहेरच्या दोन बाजूंची भोकं दुमडीतच लपतात.

५. मग ४५ अंशांत फिरवलेलं नाव.

नावाच्या लांबीलाही मर्यादा आहे. कोपऱ्याकडे रुंदी कमी होत जाते. अक्षराचा तळ उकारासकट मध्यापासून ८ मिमी खाली धरला तर तो कोपऱ्यापासून साधारण ४१ मिमीवर येतो आणि तिथे आडवी जागा ८२ मिमी मिळते. कडेपासून १२ मिमी मोकळे ठेवायचे म्हणजे तिरकस मापाने प्रत्येक बाजूला १७, एकूण ३४ वजा. उरले ४८. म्हणून नाव ४५ मिमीपर्यंतच ठेवा. त्यापेक्षा लांब असेल तर आद्याक्षर घ्या, अक्षरं बारीक करू नका.

माजघर, कराड

कापड भोकात खेचलं जाण्याबद्दल. भरतकामाच्या मोडमध्ये सुई मधोमध राहते आणि रिंग हलते. म्हणून तुमच्या मशीनला गोल भोकाची सरळ टाक्याची पट्टी मिळत असेल तर ती बसवा. झिगझॅगच्या लांबट खाचेत मलमल सहज आत जाते. हातात रिंग धरून चालवायच्या झिगझॅग मशीनवर मात्र ही पट्टी चालणार नाही, तिथे सुई डावी-उजवी जाते आणि पट्टीवर आदळून तुटेल.

पट्टी नसेल तर पहिल्या पाच-सहा टाक्यांना वरच्या दोऱ्याचं टोक बोटात हलकं धरा, मग मशीन थांबवून ते कापा. फूटची उंचीही बघा. मलमलीला १ मिमी पुरे. फूट वर राहिला की सुई वर येताना कापडालाही उचलते, खाली फास नीट बनत नाही, टाका सुटतो किंवा खाली दोऱ्याचं जाळं होतं. टेन्शन बिघडलं समजून लोक स्क्रू फिरवत बसतात.

रेघारेघी, मिरज

आता मागच्या बाजूचं. रुमालाला बॉबिनमध्ये पांढरा बॉबिन दोरा नको, वरचाच ६० नंबरचा रंगीत दोरा भरा. एरवी सॅटिनच्या मागे मधला तिसरा हिस्सा पांढरा दिसला पाहिजे असं बघतो, इथे दोन्ही बाजूंना एकच रंग असल्याने वर-खाली होणं लपतं. बॉबिन हळू भरा. पॉलिस्टर दोरा वेगाने भरला की ताणून बसतो, नंतर आखडतो, आणि तीच ओढ कापडावर येते.

यासाठी बॉबिन केस दुसरी घ्या. कंपनीने लावलेला स्क्रू फिरवला की नेहमीच्या कामाला पुन्हा जुळवताना दिवस जातो. दुसरीवर तेलाच्या पेनाने खूण करा आणि ती रुमालांसाठीच ठेवा. वरचं टेन्शन मात्र बेधडक कमी करा. नेहमीच्या आकड्यापेक्षा एक खाली आणून चाचणी घ्या, वरून दोऱ्याचे फास सैल दिसायला लागले की तिथून अर्धा वर.

गाठीच्या टाक्यांकडे लक्ष द्या. सुरुवातीला आणि शेवटी सॉफ्टवेअर ०.३ मिमीचे तीन-चार टाके एकाच जागी देतं. पातळ कापडात तिथे भोक पडतं आणि मागे टणक गाठ लागते. ०.८ मिमीचे तीन द्या, तेही सॅटिन पट्टीच्या आतल्या दिशेने, म्हणजे वरून झाकले जातात. आणि अक्षरातून अक्षरात जाणारे दोरे एकेक कापा. गडद निळा दोरा दोन अक्षरांच्या मधून मागे गेला असेल तर मलमलीतून समोर स्पष्ट दिसतो.

पिकोवाली, सांगली

जुन्या अस्तराचा तुकडा न घेता, त्याच मलमलीच्या खराब झालेल्या रुमालावर चाचणी घेतली. ६० नंबर, ६५ ची सुई, ०.५०, वेग ४००, पेपर एक थर, कोपऱ्याला पेपरचंच पाणी लावून. चुण्या जवळपास गेल्या. भोकं दिसत नाहीत. मागची बाजू आता दाखवता येईल अशी आहे.

दोन गोष्टी राहिल्या. शिरोरेखा लाटेसारखी डुलते. आणि "मा" मधल्या दोन्ही उभ्या रेघा शिरोरेखेच्या वर डोकं काढतात, पडद्यावर तर सगळं एका ओळीत आहे.

रेघारेघी, मिरज

हे देवनागरीचं खास दुखणं आहे. इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले सल्ले इथे पुरत नाहीत, कारण त्यांना डोक्यावर सलग रेघ नसते.

सॅटिनची पट्टी रुंदीला आकसते आणि लांबीला पसरते. उभी रेघ लांबीला वर आणि खाली सरकते, म्हणून ती शिरोरेखेच्या वर जाते. पडद्यावर तिचं वरचं टोक शिरोरेखेच्या वरच्या काठापासून ०.३ मिमी खाली थांबवा, बाकी कापड करेल. रुंदीसाठी पुल कॉम्पेन्सेशन (आकसणं धरून पट्टीला आधीच दिलेली जादा रुंदी) ०.२ मिमी; मलमलीवर टाके कमी केलेले असताना ०.४ ची गरज नाही, नाहीतर "मा" च्या दोन दांड्या फुगून एकमेकींना भिडतात.

शिरोरेखा डुलते ती शिवण्याच्या क्रमामुळे. बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराबरोबर त्याचा शिरोरेखेचा तुकडा शिवतं. पहिलं अक्षर कापडाला थोडं ओढतं, दुसऱ्याचा तुकडा त्या सरकलेल्या कापडावर बसतो, तिसऱ्याचा आणखी. असं करा: सर्वांत आधी शिरोरेखेच्या जागी नुसती धाव, २ मिमी टाक्याची, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो कणा झाला. मग सगळी अक्षरं शिरोरेखेशिवाय. शेवटी एक सलग सॅटिन, १.२ मिमी रुंद. उभ्या रेघांची टोकं तिच्याखाली झाकली जातात आणि ओळ सरळ राहते.

जोडाक्षरांसाठी: सॉफ्टवेअरच्या मजकुराच्या खान्यात मराठी टाइप करू नका. जुन्या आवृत्त्यांत "ज्यो" फुटून "ज", हलंत आणि "यो" असे वेगळे पडतात, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाते. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, मजकूर पाथमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारात) बदला, मग त्यावरून सॅटिन काढा. इंक/स्टिच हे भरतकामाचं जोड-सॉफ्टवेअर त्याच इंकस्केपमध्ये चालतं आणि फुकट आहे. त्यात झिगझॅगचं अंतर टोकापासून टोकापर्यंत मोजतात, म्हणजे वर सुईपंचाहत्तर यांनी केलेला हिशेब जसाच्या तसा लागू.

फॉन्ट जाड-बारीक फरकाचा घेऊ नका. बोरूने लिहिल्यासारख्या फॉन्टची बारीक बाजू १२ मिमीच्या अक्षरात अर्ध्या मिमीवर येते, तिथे सॅटिन बसतच नाही. सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या.

मोतीचौक, सातारा

वेलीबद्दल कुणी बोललं नाही. वेल सॅटिनमध्ये भरूच नका. देठ आणि पानांची कड तिहेरी धाव द्या, टाका २ मिमी. सुई तीनदा जाते, पण त्याच भोकातून. १ सेंमीला पाचच भोकं. सॅटिनची ३६ आठवा. दिसतंही हाताने भरल्यासारखं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं.

पेपरच्या साठवणीबद्दल एक. मेढा-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की विरघळणारा पेपर रिंगमध्ये सैल पडतो, तुम्ही ताणलेला पाच मिनिटांत लोंबतो. गुंडाळी झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, लागेल तेवढाच तुकडा बाहेर काढा. उलट उन्हाळ्यात तो करकरीत होऊन तडकतो, तेव्हा जिथे ताणायचा तिथे आधी तळहाताने दाबून धरला की नरम होतो. संक्रांतीच्या थंडीत त्रास नाही.

पिकोवाली, सांगली

धुण्याचा क्रम सांगाल का? निळ्या पेनाने मध्य आखला होता, त्यावर इस्त्री फिरली तर डाग पक्का होतो असं ऐकलं.

माजघर, कराड

बरोबर ऐकलंत. पाण्याने जाणारी निळी शाई इस्त्रीने बसते. म्हणून इस्त्री सर्वांत शेवटी. आणि कोपऱ्याला पेपरचं पाणी लावून इस्त्री करणार असाल तर ती आधी, आखणी नंतर.

आधी कच्चा टाका उसवा, मागून चार ठिकाणी कापून ओढला की निघतो. पेपर टाक्यांपासून ५ मिमी ठेवून कात्रीने कापा, फाडू नका. थंड पाण्यात बुडवा म्हणजे निळी शाई जाईल. मग कोमट पाण्यात १० मिनिटं, आणि पाणी बदलून पुन्हा. अक्षर दोन बोटांत धरून पाहा. बुळबुळीत लागत असेल तोवर आत पेपर आहे. वाळल्यावर नाव खरखरीत लागलं तर काही बिघडलेलं नाही, पुन्हा भिजवा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

इस्त्रीला जाड टर्किश टॉवेल खाली, नाव टॉवेलकडे तोंड करून, मागून. वरून दाबलं तर सॅटिन चपटं होतं आणि चमक जाते. लाल किंवा मरून दोरा असेल तर एक नमुना आधी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ओला ठेवा; रंग सोडला तर त्या रिळाने साठ रुमाल भरू नका.

पिकोवाली, सांगली

शिरोरेखा सरळ आली! कण्याची धाव आधी दिली आणि शेवटी सलग सॅटिन. वेल तिहेरी धावेत केली. एकच शंका: "नंदा" मधला अनुस्वार. तो टिंब न होता कधी चौकोन होतो, कधी खाली खड्डा पडून आत जातो.

रेघारेघी, मिरज

अनुस्वार गोल म्हणून काढू नका. लहान गोलाला सॉफ्टवेअर मध्यावर पुन्हा पुन्हा टोचतं, खड्डा त्यामुळेच. जास्तीत जास्त १.४ मिमी लांबीचे पाच आडवे टाके सॉफ्टवेअरमध्ये स्वतः एकेक करून द्या. पहिला आणि पाचवा ०.८ मिमी, दुसरा आणि चौथा १.२, मधला पूर्ण १.४, दोन टाक्यांत ०.३ अंतर. खाली अंडरले नको. गाठ टिंबात न मारता शिरोरेखेत मारा: शिरोरेखा संपली की तिच्याच आतून १ मिमीच्या टाक्यांनी अनुस्वाराखाली या, वर जाऊन टिंब करा, परत खाली शिरोरेखेत येऊन बांधा. टिंब आणि शिरोरेखा यांच्यात १ मिमीची फट ठेवा, त्यापेक्षा कमी ठेवली तर धुतल्यावर दोन्ही चिकटलेले दिसतात. चंद्रबिंदूला हेच टिंब वापरा आणि चंद्र तिहेरी धावेत काढा.